चष्मा उतरला की हात वर

किटलीबाई नगरपालिकेत चहा द्यायला लागल्या त्याला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षांत सभागृहातल्या एकाही माणसानं त्यांना नाव विचारलं नाही. "किटलीबाई, इकडे." "किटलीबाई, साखर कमी." बस्स. आता नावाचं काय घेऊन बसायचं म्हणा. पण ज्या बाईला नाव नाही तिच्यासमोर माणसं पोटातलं सगळं ओठावर आणतात. भिंतीला कान असतात म्हणून कुजबुजायचं आणि किटलीला नसतात म्हणून खुशाल बोलायचं, अशी त्या मोठ्या लोकांची अक्कल. त्यामुळे कुठला रस्ता कुणाच्या दारापर्यंत जाणार आणि कुणाच्या दाराच्या अलीकडे थांबणार, हे किटलीबाईंना खडी पडायच्या सहा महिने आधी कळायचं. कळून उपयोग काय? काही नाही. त्या कप विसळायच्या आणि घरी जायच्या.

गावात पक्ष तसे दोन. एक पक्ष, ज्याला सगळे नुसतं 'पक्ष'च म्हणत, आणि दुसरे मास्तर. म्हणजे मास्तरांच्या बाजूला आणखी चार नगरसेवक होते, नाही असं नाही. पण ते चौघं मास्तर उठले की उठायचे आणि मास्तर बसले की बसायचे, म्हणून गाव मोजताना एकच धरायचं. पक्षाचे सोळा. त्या सोळांचे गटनेते भाऊ. अध्यक्षांच्या खुर्चीत भाऊंच्या वहिनी बसायच्या. समोर ठेवलेला कागद वाचायचा आणि कागद संपला की पाणी प्यायचं, एवढं काम त्या अध्यक्षबाई इमानानं करत. खरा कारभार भाऊंचा. नळाला पाणी नाही? आधी पक्षाच्या कार्यालयात जा. गटार तुंबलं? कार्यालयात जा. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, सगळ्याला भाऊंची चिठ्ठी. मेलेला माणूससुद्धा चिठ्ठी मिळेपर्यंत सरकारदरबारी जिवंतच असतो, असं लोक म्हणत. अर्थात हळू आवाजात. किटलीबाईंचं चहाचं कामही अशाच एका चिठ्ठीवर मिळालेलं. त्या बदल्यात भाऊंच्या सभेला गर्दी कमी पडली की गळ्यात पक्षाचा पट्टा घालून पुढच्या रांगेत बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. सतरा वर्षं वाजवल्या बिचारीनं.

आता पक्षात हात वर करायची जी रीत होती ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीनं घडलं. पक्षाच्या नगरसेवकांना विषयपत्रिका वाचायची सवय नव्हती. एकदा त्यांतल्या दोघांनी भाऊंच्या सख्ख्या मेव्हण्याच्या कामाविरुद्ध हात वर केले. मुद्दाम नव्हे हो, झोपेत. त्या दिवसापासून भाऊंनी शिस्त लावून दिली. भाऊ पहिल्या रांगेत एकटे, अध्यक्षबाई सोडल्या तर बाकीचे चौदा त्यांच्या मागे. भाऊंनी चष्मा काढला की हात वर. चष्मा डोळ्यांवर असला की हात मांडीवर. विषय काय, बोलतंय कोण, मत कशावर चाललंय, काही बघायचं नाही. भाऊंच्या कानामागच्या काड्या बघायच्या. अध्यक्षबाईही तेच बघत, आणि चष्म्याप्रमाणे 'मंजूर' किंवा 'नामंजूर' वाचत.

एका उन्हाळ्यात भाऊंच्या नाकावर माशी बसली. भाऊंनी चष्मा काढून ती हाकलली, आणि मागे चौदा हात वर! मत कशावर होतं? कशावरच नाही. मास्तर एवढंच म्हणत होते की ती खिडकी जरा उघडा. खिडकी प्रचंड बहुमतानं उघडली गेली. किटलीबाई चहाच्या खोलीत जाऊन तोंडावर फडकं दाबून हसल्या होत्या. हे चौदा जण सभागृहात असे पटापट हात वर करणारे, आणि बाहेर आले की हात वर करायची त्यांची तऱ्हा वेगळी. "काय हो, आमच्या गल्लीतला दिवा?" "आमच्या हातात नाही बाई, वरून झालंय." झाले हात वर. आतही वर, बाहेरही वर. मधल्या मधे गाव अंधारात.

त्या महिन्याची विषयपत्रिका किटलीबाईंनी कपाखालून वाचली. सभेच्या कारकुनाच्या टेबलावर त्यांनी कप ठेवला, कागदावर गोल डाग पडला, तो पुसायला त्या वाकल्या आणि डागाच्या मधोमध होता विषय क्रमांक नऊ. 'खालच्या वस्तीतील दवाखाना बाह्यवळण रस्त्यावरील नवीन जागेत हलविणे व सदर इमारत जनसंपर्क कार्यालयास देणे.'

"सदर म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"सदर म्हणजे तुमच्या घरामागचाच," कारकून म्हणाला. ठराव लिहिणारा हा माणूस सरळ होता, पण जिवाला जपून.

"आणि हे जनसंपर्क कार्यालय कुणाचं?"

कारकुनानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आज चहा छान झालाय, बाई," तो म्हणाला.

कळायचं ते कळलं. किटलीबाईंनी डाग पुसायचा सोडला आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

कारण घरी फिटर होते. फिटर म्हणजे त्यांचे यजमान. सबंध जन्म गावाच्या पाणीपुरवठ्यात पाइप जोडण्यात गेला, म्हणून फिटर. साखरेचा आजार जुना. आठ महिन्यांपूर्वी उजव्या पायाच्या अंगठ्याखाली खिळा लागला आणि यांना पत्ताच नाही. पाय केव्हाच बधिर झालेला. बुटात रक्त दिसलं तेव्हा समजलं. तेव्हापासून दिवसाआड पट्टी. घराच्या मागच्या दारातून निघून गल्लीतून वळलं की दवाखाना, मोजून दोनशे पावलं. फिटर एक हात काठीवर आणि एक बायकोच्या खांद्यावर टाकून टाचेवर टाचेवर जायचे, आणि तिथल्या सिस्टर जखम धुवून, खरवडून पट्टी बांधायच्या. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं, "पाय टेकवायचा नाही आणि पट्टी चुकवायची नाही. चुकवलीत, तर पुढच्या वेळी मी घोट्यापासून कापणार." आणि बाह्यवळण रस्त्यावर जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, वर पाऊण मैल चालायचं. बसची पहिली पायरी चढतानाच त्या पायाचं मातेरं झालं असतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा सभागृहातल्या एका विषयाला किटलीबाईंच्या घरातला पाय लागलेला होता.

किटलीबाई पक्षाच्या कार्यालयात गेल्या. सगळे जातात तशा, रांगेत. भिंतीवर भाऊंचा एकच फोटो अकरा आकारांत लावलेला. खाली भाऊ बसलेले, भोवती आठदहा माणसं नुसतीच, हसायला.

"बोला किटलीबाई."

"भाऊ, दवाखाना हलवू नका. ह्यांची पट्टी असते दिवसाआड. एवढ्या लांब नाही हो जमणार."

"नवी जागा बघितलीत का? टाइल्स आहेत टाइल्स. आरशासारख्या."

"जखमेला आरसा कशाला हवाय, भाऊ?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. भाऊंना ते आवडलं नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एका माणसाच्या एका पायासाठी आख्ख्या गावाचा विकास थांबवायचा? आणि दुसरा पाय आहे ना धडधाकट?"

भोवतीची माणसं हसली. त्यासाठीच ठेवलेली ती. किटलीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षं ज्याच्यासाठी टाळ्या पिटल्या त्याच्या थोबाडावर तिथल्या तिथे एक ठेवून द्यावी असं वाटलं. त्यांनी ठेवून दिली नाही. "येते," म्हणाल्या आणि आल्या. पण त्या दिवसापासून त्या भाऊंना पाण्यात पाहायला लागल्या, आणि हे मी काही झाकून ठेवणार नाही.

तिथून त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर वर्तमानपत्र घेऊन बसलेले, हातात लाल पेन, बातम्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत. सगळं ऐकून घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "अन्याय आहे. आम्ही तीव्र निषेध नोंदवू."

"मग?"

"मग काय? नोंद होईल. इतिवृत्तात राहील ती कायमची."

"आणि पाय?"

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

"मास्तर, तुम्ही अठरा वर्षं निषेध नोंदवताय," किटलीबाई म्हणाल्या. आता त्यांचा तोल गेलाच होता. "भाऊ निदान खातो तरी उघडपणे. तुम्हाला हरायची चटक लागलीय. हरलं की काही करावं लागत नाही. तुमचा निषेध काय जखमेवर बांधू मी?"

असं आजवर गावातल्या कुणी मास्तरांना बोललेलं नव्हतं. मास्तर आधी लाल झाले, मग पांढरे, आणि मग म्हणाले, "मी काय करावं असं म्हणता?"

"विषय नऊ आला की उपसूचना मांडायची. दवाखाना आहे तिथेच ठेवावा, एवढंच. आधी मत उपसूचनेवर घेतात ना?"

"घेतात. पण सोळा विरुद्ध पाच, ती पडणार."

"पडू दे. तुम्ही मांडा. आणि भाषण करायचं नाही. मी भाऊंच्या टेबलावर चहा ठेवला की तुम्ही खाली बसायचं."

"चहाचा काय संबंध?"

"मास्तर, चूक काढायची सवय आहे ना तुम्हाला? यात काढू नका," किटलीबाई म्हणाल्या आणि उठल्या.

संबंध असा होता. त्या वर्षी सभागृहात नवा एसी बसला होता, आणि भाऊंनी तो बरोबर स्वतःच्या खुर्चीसमोर लावून घेतला होता. मागचे चौदा जण मफलर गुंडाळून बसत, पण बोलायची कुणाची टाप नव्हती. त्या गारठ्यात भाऊंचा चष्मा गार पडायचा. व्हरांड्यात आले की काचांवर धुकं धरायचं आणि भाऊ चडफडत चष्मा पुसायचे. हे किटलीबाईंनी दहादा पाहिलेलं. वर भाऊ सर्दीचे. त्यांचा चहा रुंद तोंडाच्या मोठ्या मगात द्यायचा, उकळता, आणि भाऊ पहिला घोट घ्यायच्या आधी मगावर नाक धरून दोन मिनिटं वाफ घेणार. मात्र चहा यायचा चार वाजता, सगळे विषय उरकल्यावर. तो त्या दिवशी थोडा आधी आला, तर काय होईल? त्यांनी खालच्या वस्तीतल्या बायकांना एवढंच सांगितलं की सभेला या, नऊ नंबरला या. कशाला, ते नाही सांगितलं.

सभेच्या दिवशी प्रेक्षकांची बाकं भरलेली पाहून भाऊंच्या कपाळाला आठी पडली. पण भाऊंना काय, सोळा म्हणजे सोळा. आठव्या विषयापर्यंत चष्मा चढत-उतरत राहिला आणि सगळं सुरळीत पार पडलं. नववा विषय पुकारला तसे मास्तर उभे राहिले. "उपसूचना," ते म्हणाले.

किटलीबाई चहाच्या खोलीत तयार होत्या. भाऊंचा मग भरला, ट्रे उचलला, दारात आल्या. "गॅस संपत आलाय, आत्ताच घ्या सगळ्यांनी," असं कारकुनाला सांगून त्या निघाल्या आणि थबकल्या. मास्तर भाषण करत होते! नको म्हणून बजावलेलं, तरी माणसाची खोड जाते का? दवाखान्याची कोनशिला कुठल्या साली बसली तिथून सुरुवात. मग कोनशिलेवरच्या मजकुरातली व्याकरणाची चूक. मगातली वाफ विरायला लागली. किटलीबाई उलट पावली आत गेल्या, चहा परत उकळीला ठेवला, परत आल्या. मास्तर साथीच्या रोगांवर आले होते. 'बस रे बाबा, बस!' त्या मनात म्हणत होत्या. तिसऱ्यांदा उकळला तेव्हा चहाचा रंग बघवत नव्हता. आता थांबून चालणार नव्हतं. त्या तरातरा आत आल्या, भाऊंसमोर मग ठेवला आणि मास्तरांकडे वळून सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर! चहा आलाय!"

मास्तर वाक्य अर्धं सोडून बसले. मास्तरांचं वाक्य अर्धं राहिलेलं ते पहिलंच.

"उपसूचनेच्या बाजूने जे असतील," अध्यक्षबाई कागदावरून वाचायला लागल्या, "त्यांनी आपले हात..."

भाऊंनी मग उचलला. नाक खाली नेलं. आणि काचा पांढऱ्या झाल्या, पार दुधासारख्या. भाऊ वैतागून काहीतरी पुटपुटले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले.

मागे चौदा हात वर. एक जण डुलक्या घेत होता. त्याचा हात आधी वर गेला आणि मग डोळे उघडले. समोरचे पाच तर वर होतेच. भाऊंना चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसत नसे, आणि पाठीमागे डोळे कुणालाच नसतात. अध्यक्षबाईंनी दिरांकडे पाहिलं. चष्मा हातात. त्यांनी कागदावरची वरची ओळ वाचली, "उपसूचना सर्वानुमते मंजूर."

"मी याचा तीव्र निषेध..." मास्तर सवयीनं ताडकन उठले.

"मास्तर, तुम्ही जिंकलात," कारकून दबक्या आवाजात म्हणाला.

मग बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. एक बाई रडायलाच लागली. भाऊंनी चष्मा चढवला आणि विचारलं, "काय मंजूर?" कारकुनानं वाचून दाखवलं: दवाखाना आहे तिथेच ठेवणे, एकोणीस मतं बाजूने, विरोधात कोणी नाही. भाऊंचं तोंड उतरलं. "थांबा, हे मत पुन्हा..." ते म्हणाले. पण वर्तमानपत्राचा बातमीदार उठून उभा राहिला होता. "भाऊ, पक्षानं पक्षाच्याच प्रस्तावाविरुद्ध मत दिलं, यामागं काय कारण?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण सांगायचं तर काय सांगणार? की आमची चौदा माणसं विषय ऐकत नाहीत, चष्मा बघतात? किटलीबाई दाराशी किटली घेऊन उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या भाऊंना घाम फुटलेला पाहत होत्या, आणि त्यांना फार, फार बरं वाटत होतं. काय करतोस आता? बोल ना. विचार ना ह्यांचा दुसरा पाय धडधाकट आहे का ते.

पण भाऊ म्हणजे भाऊ. त्यांनी बाकांकडे पाहिलं. टाळ्या अजून चालू होत्या. टाळ्यांचा आवाज त्या माणसाला बरोबर कळतो, दुसरं काही कळो ना कळो. ते उठले, वळले आणि हात जोडले.

"माझ्या माताभगिनींनो," भाऊ म्हणाले, "जनतेची भावना हीच पक्षाची भावना. खालच्या वस्तीतला दवाखाना हलणार नाही, असा निर्णय आज पक्षानं घेतलेला आहे. आम्ही मन मोठं केलं आणि विरोधकांच्या उपसूचनेलाही पाठिंबा दिला."

टाळ्या दुप्पट झाल्या. "भाऊ, शंभर वर्षं जगा!" ती रडणारी बाई ओरडली. आयत्या बिळावर नागोबा! एक मिनिट लागलं नाही हो त्याला. किटलीबाईंना किटलीतला उरलासुरला चहा त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. आणि तरी दवाखाना राहिला होता. पाय राहिला होता. राग आणि आनंद एकदमच आले तर माणसानं काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं. त्या आत जाऊन कप विसळायला लागल्या.

भाऊ चहाच्या खोलीत आले तेव्हा एकटेच आले. सतरा वर्षांत त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"गॅस संपत आला होता ना?" भाऊंनी शेगडीची कळ फिरवली. निळा जाळ भसकन वर आला. "भरलेला दिसतोय."

किटलीबाईंनी पुढचा कप विसळायला घेतला.

"मला येडं समजतेस होय?" भाऊ एकेरीवर आले. "चार वाजायच्या आत चहा आला, त्या म्हाताऱ्याला तू हाक मारून बसवलंस. माझ्या मिठावर जगून माझ्यावरच उलटलीस."

"मीठ नाही, चहा," किटलीबाई म्हणाल्या. "आणि तुमचा नाही, नगरपालिकेचा. सतरा वर्षं मी केला, तुम्ही प्यालात."

भाऊंनी दात ओठ खाल्ले. मग मात्र आवाज खाली आणला, आणि तो खालचा आवाज जास्त वाईट होता. "नीट ऐक. तीन महिने हा ठराव मला फिरवता येत नाही. तीन महिन्यांनी येतो. चष्म्याची गोष्ट बाहेर गेली, कुणी माझ्यावर हसलं, तर चौथ्या महिन्यात दवाखान्याला कुलूप. तू गप्प बसलीस, तर राहील. नवऱ्याला नाही सांगायचं, शेजारणीला नाही, त्या मास्तरला नाही. श्रेय माझं, पाय तुझा. परवडतं का बघ."

परवडतं का! किटलीबाईंना त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण त्या गप्प राहिल्या, आणि भाऊंना उत्तर मिळालं.

"आणि उद्यापासून येऊ नकोस," जाता जाता भाऊ म्हणाले. "चहाचं मशीन बसवतोय."

किटली त्यांची स्वतःची होती. ती त्यांनी पुसून पिशवीत घातली आणि मागच्या दारानं निघाल्या.

आठ दिवसांत दवाखान्यावर फलक लागला. दाराच्या दुप्पट रुंद. वर भाऊ हात जोडून, खाली मजकूर: 'भाऊंच्या विशेष प्रयत्नांतून आपला दवाखाना आपल्याच वस्तीत!' फलक खिडकीवर आला, म्हणून पट्टीच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागायचा. बायका रांगेत बसून भाऊंचे गोडवे गायच्या. काहीही म्हणा, ऐकतो बाई लोकांचं. मन मोठं आहे. किटलीबाई मूग गिळून बसायच्या. "तुमचं काम सुटलं म्हणे?" एखादी विचारायची. "हो, मशीन आलं," एवढंच त्या सांगायच्या. फिटरांनाही तेवढंच सांगितलेलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी कळलं की दुपारी चौकात, संध्याकाळी कार्यालयात. म्हणून बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच किटलीबाईंनी नवऱ्यापासून काही लपवलं होतं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सिस्टरांनी पट्टी सोडली आणि पाय दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. मग बोटानं कडा दाबल्या.

"भरत आलं," सिस्टर म्हणाल्या. "खालून लाल मांस आलंय. आणखी चार महिने अशीच पट्टी चुकवली नाहीत, तर पाय राहिला म्हणून समजा."

किटलीबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी त्या पुसल्याही नाहीत. फिटरही रडत होते. त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं, जिथून फलकाची मागची बाजू दिसत होती, आणि दोन्ही हात जोडले.

"बघ," ते म्हणाले, "तू भाऊंवर उगाच डाफरत असतेस. दुसरा कुणी असता तर आज मी कुबड्यांवर असतो. त्या माणसानं माझा पाय वाचवला."

किटलीबाईंनी जुनी पट्टी उचलून डब्यात टाकली.

"निवडणूक येतेय. भाऊंचं चिन्ह सोडून दुसरीकडे बोट नेशील तर बघ. तुझा मला भरवसा नाही." फिटरांनी बायकोचा हात धरला, ओढला आणि आपल्या उघड्या पावलावर ठेवला. पाऊल गरम होतं. "घे शपथ. या पायाची शपथ घे, मत भाऊलाच देशील."

सिस्टर बोळा हातात घेऊन थांबल्या. किटलीबाईंनी त्या पायाकडे पाहिलं. जगात दुसऱ्या कशाचीही खोटी शपथ त्यांनी घेतली असती. आणि खरं सांगायला तोंड उघडलं असतं, तर त्याच पायावर कुऱ्हाड पडली असती. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

"मत गुप्त असतं, अहो," त्या म्हणाल्या. "पाय सरळ ठेवा."